माझा आवाज का काढून टाकलात, मंत्रीमहोदय?

माननीय मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, आपल्या खात्याने माझा व्हिडिओ टाकला. आभार मानण्यासाठी हे पत्र नाही.

मी पाठवलं होतं गाणं. शब्द, चाल, आवाज, सगळं माझं. सेरेब्रल पाल्सीमुळे माझे उच्चार अडखळतात. गाण्याचा ठेकाच त्या अडखळण्यावर बांधला होता. आपल्या माणसांनी माझा आवाज बंद केला, वर रडवी बासरी घातली, माझी व्हीलचेअर संथ गतीने दाखवली आणि लिहिलं, 'अपंगत्वावर मात'. त्या गाण्यात मी कशावरही मात करत नाही, साहेब. मी चिडलोय आणि प्रेमात पडलोय, एवढंच त्यात आहे.

प्रत्येक व्हिडिओला कॅप्शन आणि सांकेतिक भाषेचा दुभाषी देऊ, असा शब्द आपण गेल्या वर्षी बैठकीत दिला होतात. मी समोरच होतो. माझ्या कर्णबधिर मैत्रिणीने व्हिडिओ उघडला, तर आपोआप उमटणाऱ्या कॅप्शनमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच शब्द: [संगीत]. तिने विचारलं, "तू म्हणालास काय?" वर्षभर खपून लिहिलेल्या ओळी होत्या त्या! आणि कर्णबधिरांना गाणं कशाला, असं कुणी म्हणू नये. एव्हलिन ग्लेनी बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या. अनवाणी उभं राहून कंपनं अंगात घेत त्या जगभर तालवाद्यं वाजवतात.

हे आजचं नाही. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांचं अपंग वर्ष. लहानपणी पोलिओ झालेले गायक इयन ड्युरी यांना त्यातली कीव सहन झाली नाही. त्यांनी चिडून गाणं केलं. बीबीसीने त्यावर बंधनं घातली. २०१२ मध्ये तेच गाणं लंडनच्या पॅरालिम्पिक उद्घाटनात गाजलं. ड्युरी २००० सालीच गेले होते. आमचा राग ऐकून घ्यायला तुम्हाला आमचं मरण लागतं का?

टिकटॉकने २०१९ मध्ये कबूल केलं, की कुणी छळेल म्हणून अपंगांचे व्हिडिओ फार लोकांपर्यंत पोचू दिले जात नव्हते. पाहुणे आले की मला आतल्या खोलीत बसवायचे, तेही माझ्या काळजीपोटीच. छळणारे मोकळे, कोंडायचं आम्हाला. जागतिक आरोग्य संघटना सांगते, जगात सुमारे १३० कोटी अपंग आहेत, सहांत एक. एवढ्या माणसांनी वर्षात एकच दिवस दिसायचं, तेही प्रेरणा म्हणून? आपली कला जोपासण्याचा हक्क अपंगांच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या ३० व्या कलमात लिहिलेला आहे. तो कुणाच्या मेहरबानीने मिळालेला नाही.

तो व्हिडिओ आज काढा. माझं गाणं जसंच्या तसं लावा. कॅप्शनला माणूस नसेल तर शब्द मी टाइप करून देतो. एका बोटाने करतो, दोन दिवस लागतील.

आपला,
त्या व्हिडिओतला व्हीलचेअरवरचा माणूस