ट्रकला पेलेल तीच ब्रशलेस मोटर घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्याची सुट्टी लागली की गोव्यात रेडिओ कंट्रोलचे ट्रक घराबाहेर पडतात. कापणी झालेली शेते, बंद पडलेल्या चिरेखाणी, शाळांची मैदाने, मिळेल तिथे मुले ते पळवतात. यांतले बरेच ट्रक १/१० मापाचे, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश, असतात आणि त्यांत ब्रशवाली ५४० मापाची मोटर असते. ब्रश झिजले, ट्रक मंदावला, की ब्रशलेस, म्हणजे बिनब्रशच्या, मोटरचा विषय निघतो. मग ऑनलाइन दुकानात मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर) यांचा स्वस्त संच शोधला जातो आणि ज्याच्यावर केव्हीचा आकडा सर्वांत मोठा तोच उचलला जातो. ईएससी जळते, स्पर गिअरचे, म्हणजे मोटरने फिरणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाचे, दाते उडतात, आणि दोष ‘स्वस्त मालाला’ दिला जातो. पुष्कळदा माल ठीक असतो, निवड चुकलेली असते. मोजक्या पैशांत मुलाची हौस पुरवू पाहणाऱ्या पालकांसाठी हे पत्र.

केव्ही म्हणजे मोटरची ताकद नव्हे. भार नसताना एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेते, तो हा आकडा. ३३०० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टच्या दोन सेलच्या लायपोवर (लिथियम पॉलिमर बॅटरीवर) २४,४२० फेरे घेईल, ५२०० केव्हीची ३८,४८०. जुनी साधी ब्रश मोटर ७.२ व्होल्टवर साधारण १५ हजारांच्या आसपास फिरते. म्हणजे ३३०० हीच मूळ वेगाच्या दीडपटीहून जास्त झाली.

हा वेग रस्त्यावर किती उतरतो ते गिअरवर ठरते. ट्रॅक्सस कंपनीच्या स्लॅश या दोन चाकांवर चालणाऱ्या, म्हणजे मोटर मागचीच दोन चाके फिरवते अशा, ट्रकचे उदाहरण घेऊ. स्पर गिअर ८६ दात्यांचा, गिअरबॉक्समधले आतले गुणोत्तर २.७२. पिनियन, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरचा लहान गिअर, १९ दात्यांचा लावला तर ८६ भागिले १९, गुणिले २.७२, म्हणजे १२.३. मोटरच्या १२.३ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. टायरचा व्यास ११० मिलिमीटर धरला तर ३३०० केव्हीला हिशेबाने ताशी ४१ किलोमीटर येतात, ५२०० ला ६५. प्रत्यक्षात भाराखाली वेग कमीच भरतो, पण तुलनेला हा हिशेब पुरेसा आहे. दोन किलोच्या आसपासचा, उंच टायरांचा ट्रक लाल मातीच्या खडबडीत जागेवर ताशी ६५ ने सरळ धावत नाही, उलटतो. ५२०० ची मोटर ४१ वर आणायची तर पिनियन १२ दात्यांचा लागेल, आणि इतका लहान पिनियन लावल्यावर मोटर सरकवून स्परपर्यंत पोचतेच असे नाही.

शिवाय तेवढाच जोर काढायला ५२०० ची मोटर ३३०० च्या दीडपटीहून जास्त करंट मागते. तो करंट ईएससी, वायर, प्लग आणि बॅटरी या सगळ्यांतून जातो. स्वस्त संचात नेमकी हीच मंडळी काटकसरीची असतात, म्हणून पहिली तीच जळतात.

तेव्हा निवड अशी करावी. दोन चाकांवर चालणारा, दोन किलोच्या आतबाहेरचा ट्रक असेल तर ३६५० मापाची, ३००० ते ३५०० केव्हीची मोटर आणि ६० अँपिअरची ईएससी. ३६५० म्हणजे व्यास ३६ मिलिमीटर, लांबी ५०. चारही चाकांवर चालणारा, मोठ्या टायरांचा जड ट्रक असेल तर ३६६० किंवा ३६७० चा लांब डबा (मोटरचे बाहेरचे कवच) असलेली मोटर घ्यावी, केव्ही २४०० ते ३००० च्या दरम्यान, आणि ईएससी ८० अँपिअर किंवा वरची. लांब डब्यात तांबे आणि चुंबक जास्त, म्हणून जोर जास्त आणि तापायला वेळ लागतो. मात्र मागवण्यापूर्वी ट्रकमधली जागा पट्टीने मोजा, कारण ७० मिलिमीटरची मोटर कित्येक गाड्यांत बॅटरीच्या कप्प्याला अडते. चार पोलची, म्हणजे रोटरवर (मोटरच्या फिरत्या भागावर) चार चुंबकीय ध्रुव असलेली, मोटर त्याच किमतीत मिळत असेल तर दोन पोलच्यापेक्षा ती बरी, संथ वेगाला ती अधिक जोरात ओढते.

तीन सेलच्या बॅटरीचा मोह सुरुवातीला आवरावा. ३३०० केव्ही पूर्ण भरलेल्या तीन सेलवर, म्हणजे १२.६ व्होल्टवर, साडेएकेचाळीस हजार फेऱ्यांपर्यंत जाते. मोटर कदाचित सोसेल. प्लॅस्टिकचे डिफरन्शियल आणि ड्राइव्ह शाफ्ट सोसणार नाहीत. पुढे तीन सेल वापरायचेच असतील तर आताच २४०० च्या आतली मोटर घ्या. ईएससीवरच्या पंख्याचे व्होल्टेजही पाहून ठेवा. काही संचांत पंखा थेट बॅटरीवर जोडलेला असतो, आणि दोन सेलसाठीचा पंखा तीन सेलवर गपचूप जळतो. पंखा बंद पडलेला कुणाच्या लक्षात येत नाही, मग ईएससी जाते.

सेन्सरवाली की बिनसेन्सरची, हा प्रश्न नेहमी येतो. सेन्सरवाल्या मोटरमध्ये रोटर कुठे आहे ते सेन्सर ईएससीला सांगतात. बिनसेन्सरच्या मोटरमध्ये रोटर कुठे आहे हे ईएससी फिरण्यातून निर्माण होणाऱ्या व्होल्टेजवरून ओळखते. मोटर थांबलेली असताना ते व्होल्टेज नसते, म्हणून सुरुवातीला गाडी क्षणभर अडखळते. पळवायच्या ट्रकला याने बिघडत नाही, आणि बिनसेन्सरची मोटर धूळपाण्याला जास्त टिकते. दगडांवरून इंचाइंचाने चढणाऱ्या क्रॉलरला मात्र हे अडखळणे मुळीच चालत नाही. क्रॉलर असेल आणि सेन्सरच्या संचाएवढे पैसे नसतील, तर ३५ ते ५५ वेढ्यांची ब्रश मोटरच ठेवावी. स्वस्त बिनसेन्सर संच त्यात घालणे म्हणजे चांगली गाडी बिघडवणे.

मागवताना चुकणारी सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत त्रासदायक गोष्ट म्हणजे शाफ्टचा व्यास. ५४० मापाच्या मोटरांचा शाफ्ट बहुधा ३.१७५ मिलिमीटरचा असतो, मोठ्या डब्यांच्या काही मोटरांचा ५ मिलिमीटरचा. पिनियन त्या भोकाचा हवा आणि त्याचे दाते स्परच्याच मापाचे हवेत. पिच आणि मोड्यूल ही दात्यांच्या आकाराची मापे. ४८ पिच आणि ३२ पिच एकमेकांत बसत नाहीत. ३२ पिच आणि ०.८ मोड्यूल जवळजवळ सारखे आहेत, म्हणून ते चालवून घेतात. गोव्यात पिनियन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. संच मागवतानाच हिशेबात आलेला पिनियन, त्याहून दोन दात्यांनी लहान आणखी एक, आणि एक जादा स्पर मागवावा. पिनियन पोलादी घ्यावा.

आता जोडणी. मोटर बसवायचे स्क्रू एम३ चे असतात आणि त्यांच्या लांबीकडे कुणी पाहत नाही. गरजेपेक्षा लांब स्क्रू आत जाऊन वेढ्यांवरचे वार्निश खरवडतो आणि नवी मोटर पहिल्याच दिवशी शॉर्ट होते. जुन्या मोटरचेच स्क्रू वापरणार असाल तर आधी नव्या मोटरमध्ये हाताने फिरवून ते किती आत जातात ते पाहा. पिनियनला शाफ्टवर आवळणारा बारीक ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावरच बसायला हवा आणि त्याला निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या चिकटद्रवाचा) एक थेंब हवा, नाहीतर तासाभरात तो ढिला होतो. पिनियन आणि स्परमधले अंतर ठेवण्यासाठी वहीच्या कागदाची पट्टी दोघांच्या मध्ये घालून मोटर दाबून स्क्रू आवळायचे आणि पट्टी फिरवून काढून घ्यायची. मग स्पर हाताने पूर्ण फेरा फिरवून तीन-चार ठिकाणी किंचित खेळ आहे ना ते तपासा, कारण स्वस्त स्पर पूर्ण गोल नसतात. अंतर घट्ट राहिले तर मोटर कण्हते, तापते आणि बेअरिंग जाते. सैल राहिले तर नायलॉनचे दाते सोलून निघतात.

मोटरच्या तीन वायरी ईएससीला कशाही क्रमाने जोडा. उलटी फिरली तर कोणत्याही दोन अदलाबदल करा. हे बिनसेन्सर मोटरपुरतेच खरे. सेन्सरवाल्या मोटरच्या ए, बी, सी खुणा जुळवल्याच पाहिजेत. प्लग सोल्डर करताना दम धरा. तीनपैकी एकच सांधा कच्चा राहिला तरी मोटर नुसती थरथरते, फिरत नाही. असे झाले की लोक ईएससी फेकतात. आधी ते तीन सांधे पुन्हा तापवून पाहा.

पहिल्यांदा चालू करताना चाके जमिनीवर टेकू देऊ नका, गाडी डब्यावर ठेवा. रिमोटचा ट्रिम (ट्रिगरची मधली जागा सरकवणारे बटण) शून्यावर, थ्रॉटलची, म्हणजे वेगाच्या ट्रिगरची, मर्यादा १०० टक्क्यांवर. हॉबीविंग कंपनीच्या पद्धतीच्या ईएससीत सेटचे बटण दाबून धरून स्विच चालू करायचा आणि लाल दिवा लुकलुकला की सोडायचे. मग ट्रिगर मोकळा ठेवून एकदा सेट, पूर्ण ओढून एकदा, पूर्ण ब्रेकला ढकलून एकदा. इतर कंपन्यांची रीत थोडी वेगळी असेल, सोबतचा कागद जपून ठेवा. त्यानंतर बॅटरीचा प्रकार लायपोवर आहे ना ते पाहा. निकेलवर राहिला तर ईएससी वेळेत थांबत नाही, सेल ३ व्होल्टच्या खाली जातात आणि बॅटरी फुगते. उसळी, म्हणजे पंच, सुरुवातीला सर्वांत खालच्या पायरीवर ठेवा आणि स्लिपर क्लच, म्हणजे झटका बसला की घसरून गिअर वाचवणारा क्लच, थोडा सैल करा.

वळण घेताना गाडी क्षणभर मरते आणि पुन्हा जिवंत होते, हा दोष मोटरचा नव्हे. स्टिअरिंग वळवणारा सर्व्हो ईएससीच्या बीईसीला (रिसीव्हर आणि सर्व्होला वीज पुरवणाऱ्या भागाला) झेपेनासा होतो आणि रिसीव्हर बंद पडून पुन्हा चालू होतो. ६ व्होल्ट, ३ अँपिअरची बीईसी मूळ सर्व्होला पुरते. ताकदवान सर्व्हो लावला असेल तर वेगळी बीईसी घ्यावी.

पैशांची वाटणी करताना बॅटरीत हात आखडू नका, मोटरपेक्षा तिथे जास्त द्या. ट्रकसोबत येणारी निकेलची लहान बॅटरी आणि तिचा पांढरा टामिया प्लग ब्रशलेसचा करंट पेलत नाहीत, प्लग अक्षरशः वितळतो. दोन सेल, ५००० एमएएच, कडक कव्हरची लायपो घ्या, प्लग एक्सटी६० किंवा टी प्रकारचा. सीचा, म्हणजे बॅटरी क्षमतेच्या किती पट करंट देऊ शकते त्याचा, आकडा स्वस्त बॅटरीवर बिनधास्त फुगवलेला असतो. खऱ्या २५ सीला १२५ अँपिअर येतात आणि ते भरपूर झाले, म्हणून १०० सी छापलेल्या अनोळखी बॅटरीमागे जाऊ नका. चार्जर बॅलन्सचाच, म्हणजे सगळ्या सेल सारख्या भरणारा, हवा. ५००० एमएएचला ५ अँपिअरहून जास्त नको, आणि चार्जिंग लाकडी टेबलावर न करता फरशीवर, माणूस समोर असताना. पावसाळ्यात ट्रक चार महिने माळ्यावर जातो, तेव्हा बॅटरी भरून ठेवली तर फुगलेलीच हाती येते. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवावी.

गोव्यात कुणी आखातातून किंवा लंडनहून येणार असेल तर बॅटरी त्यांच्याकडून मागवली जाते. सुटी लायपो चेक-इन सामानात चालत नाही, हातच्या सामानात, टोके झाकूनच आणावी लागते. दोन सेलची ५००० एमएएच ३७ वॉट-तास भरते आणि मर्यादा १०० ची आहे, तेव्हा त्या बाबतीत अडचण नाही.

गाडी जोडून झाली की पाच मिनिटे पळवा आणि तापमान मोजा. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर खरे तापमान दाखवत नाही, कमी दाखवतो. मोटरवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. ७० अंशांपर्यंत काळजी नाही. ८० च्या पुढे गेले तर पिनियनचे दोन दाते कमी करा, त्यासाठीच लहान पिनियन मागवून ठेवायचा. साध्या प्रतीच्या निओडिमियम चुंबकांची ताकद त्यापुढे कायमची घटू लागते. अशी भाजलेली मोटर मोकळी फिरवली तर पूर्वीपेक्षा जोरात फिरते आणि फसवते, पण जमिनीवर ओढत नाही, करंट जास्त खाते आणि आणखी तापते. मे महिन्यातली आपली हवाच पस्तिशीच्या जवळ असते. परदेशातल्या कोष्टकातला पिनियन इथे आहे तसा लावू नये, दोन दात्यांनी लहान लावून सुरुवात करावी.

समुद्रकिनारा या ट्रकांसाठी नव्हेच. कोरड्या वाळूत चाके रुततात आणि मोटर अतिभाराने तापते. ओल्या वाळूतले मीठ वॉटरप्रूफ ईएससीला नाही, तरी मोटरच्या आणि चाकांच्या बेअरिंगना खाते. वॉटरप्रूफचा शिक्का फक्त ईएससीचा असतो. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथे तर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, तिकडे ट्रक नेऊच नयेत. लाल मातीची धूळ उघड्या डब्याच्या मोटरीत शिरते, म्हणून बंद डब्याची घ्यावी. प्रत्येक दिवसाअखेर ब्रशने झाडावी, बेअरिंगला पातळ तेलाचा एक थेंब द्यावा.

शेवटची तपासणी रिसीव्हरच्या फेलसेफची, म्हणजे रिमोटचा संबंध तुटला की गाडी थांबवणाऱ्या सोयीची. चाके वर उचलून, अर्धा थ्रॉटल ओढलेला असतानाच रिमोट बंद करा. चाके लगेच थांबली पाहिजेत. थांबत नसतील तर तो रिसीव्हर पुन्हा सेट केल्याशिवाय गाडी मैदानात सोडू नका. ताशी ४० ने येणारे दोन किलो लहान मुलाच्या पायाचे हाड मोडू शकतात.

खेळण्यांच्या दुकानदारांना आणि ऑनलाइन विक्रेत्यांना एक विनंती. संचाच्या डब्यावर ताशी वेग छापण्यापेक्षा शाफ्टचा व्यास, डब्याची लांबी, किती सेल चालतात आणि पंख्याचे व्होल्टेज या चार गोष्टी ठळक लिहा, आणि सोबत एक लहान पिनियन विकायला ठेवा.

आपले,
रेडिओ कंट्रोल मोटारींचे काही हौशी,
फोंडा, गोवा