पितळी घंटा आणि भोंग्यांचे कॅरिलॉन

महोदय,

कालच्या अंकात स्मारक मनोऱ्याच्या नूतनीकरणासाठी अर्धे पान दिल्याबद्दल आभार. घंटेला 'पितळी' म्हटले आहे, ते एक वेळ सोडून देऊ. (घंटा कांशाची असते: साधारण ७८ भाग तांबे, २२ भाग कथील. पितळेचा नाद इतका लांबत नाही.) पण मनोऱ्यावर बसवायच्या चार भोंग्यांना आणि एका मेमरी कार्डाला 'कॅरिलॉन' म्हणून छापायचे, म्हणजे जरा अतीच झाले.

कॅरिलॉन म्हणजे मनोऱ्यातल्या घंटांवर सूर वाजवायचे वाद्य. त्याला किमान २३ सुरात लावलेल्या घंटा लागतात. त्या झुलत नाहीत, जागेवर पक्क्या असतात. वादक लाकडी दांड्यांवर मुठीने मारतो आणि तारांनी ओढलेले लोलक घंटांवर आपटतात. इंग्लंडमधल्या लफबरो गावाने पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी १९२३ मध्ये असा मनोरा उभारला. त्यात ४७ घंटा आहेत. आपल्याकडे एक आहे. एक तर एक, त्यात कसला कमीपणा? मुक्तिसंग्राम दिनाला ती एक नीट वाजली तरी गाव ऐकेल.

मनोऱ्यातल्या घड्याळाचे जुने यंत्र म्हणे 'कालबाह्य होऊन बंद पडले'. किल्ली देणारा माणूस निवृत्त झाला आणि जागा भरली गेली नाही, हे आपल्या बातमीदाराला वरच्या जिन्यापर्यंत न चढताही कळले असते. किल्ली देऊन वर ओढलेली वजने खाली टेकली की असे कुठलेही घड्याळ थांबणारच. वजने वर ओढायला लहान मोटर बसवता येते. बाकी यंत्राला हातही लावावा लागत नाही. वीज गेली तरी वजने खाली येईपर्यंत ते चालत राहते. लोडशेडिंगमध्ये भोंगे काय करणार आहेत?

'काटे चारवर आणि ठोके सात' हा बिघाड म्हणून छापला आहे. ठोके मोजणारे खाचांचे चाक काट्यांना बांधलेले नसते. मध्येच थांबले की हिशेब चुकतो. ठोक्यांची कळ हाताने सोडायची, काट्यांशी जुळेपर्यंत वाजू द्यायचे, झाले. काटे मागे फिरवून जुळवायला गेले की कळ वाकते आणि मग खरोखरचा बिघाड होतो. तेल फक्त आसांच्या टोकांना, तेही थेंबभर. चाकांच्या दात्यांना ग्रीस फासले की आपली धूळ त्यात बसून कानशीचे काम करते.

उन्हाळ्यात मागे पडते ही तक्रार मात्र खरी आहे. लंबकाची दांडी पोलादी असेल तर ३० अंशांच्या फरकाने दिवसाला सुमारे १५ सेकंदांचा फरक पडतो, आणि आपल्याकडे जानेवारीची पहाट ते मेची दुपार यांत तेवढा फरक सहज असतो. लंबकाखालचे नट किंचित वर फिरवायचे. लंडनच्या बिग बेनच्या घड्याळात लंबकावर जुने पेनी नाणे ठेवतात. एका नाण्याने ते दिवसाला ०.४ सेकंद पुढे जाते. यासाठी निविदा लागत नाही.

सगळ्यात भीती वाटली ती शेवटच्या परिच्छेदाची. 'आवाज वाढवण्यासाठी अधिक वजनाचा हातोडा' आणि 'घंटेला सोनेरी ऑइलपेंट'. वा! बिग बेनची घंटा १८५९ मध्ये भारी हातोड्यानेच तडकली. ती थोडी फिरवून हलका हातोडा लावला, तेव्हा कुठे पुन्हा वाजू लागली. आपली तडकली तर जागेवर वेल्डिंग करून चालणार नाही. असमान तापली की तडा आणखी पळतो. रंगाचा थर नाद खातो. आवाज बसला असेल तर आधी हातोडा बघा. ठोका देऊन तो घंटेपासून लगेच सुटला पाहिजे. मागे खेचणारी स्प्रिंग सैल झाली की तो टेकून राहतो आणि 'ठण्ण'चे 'ठक' होते. स्प्रिंग बदला, खिडक्यांना कबुतरांची जाळी मारा, खर्च संपला.

भोंगे लावायचेच असतील तर खुशाल लावा, पण ते 'भोंगे' म्हणूनच छापा आणि जुने यंत्र भंगारात जाणार की जागेवर राहणार, हे नगरपालिकेला विचारून ठळक छापा. कालच्या अर्ध्या पानात तेवढेच राहिले.

आणि हो, मनोऱ्याचा फोटो आरशातल्यासारखा उलटा छापला आहे. घड्याळ पावणेचारला बंद पडलेले आहे; आपल्या अंकात सव्वाआठ वाजले आहेत.

– एक वाचक, जि. परभणी