हाउसिंगचं काम झाल्यावर गाडी थरथरते? आधी शाफ्ट बघा

मा. संपादक, स.न.वि.वि.

आपल्या पेपरात गाड्यांच्या पानावर नवीन मॉडेलं, फीचर्स, मायलेज सगळं येतं, पण गावाकडं ज्या गाड्यांवर लोकांचं पोट आहे त्या बोलेरो, पिकअप, सुमोच्या दुरुस्तीबद्दल दोन ओळी सापडत नाहीत, म्हणून हे पत्र. मागच्या हाउसिंगचं (मागच्या दोन चाकांमधल्या, गिअर असलेल्या लोखंडी डब्याचं) काम होतं, क्राऊन-पिनियन (त्यातले चाकं फिरवणारे दोन दातेरी गिअर) बदलतात, बेअरिंग टाकतात, पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) काढून परत बसवतात आणि मग गाडी ६०-७० च्या वर गेली की सीटखाली थरथर सुरू. गॅरेजवाला म्हणतो टायरचं असेल, बॅलन्सिंग करून घ्या. बॅलन्सिंग होतं, थरथर तशीच, मग टायर बदला म्हणतात, आणि शेवटी परत हाउसिंग खोलायला निघतात. भाड्याची गाडी तोवर उभी. मला याचा खरंच राग येतो, कारण बऱ्याचदा दोष हाउसिंगच्या आत नसतोच, गिअरबॉक्सपासून हाउसिंगपर्यंत फिरणाऱ्या लांब शाफ्टमध्ये किंवा त्याच्या जोडणीत असतो, आणि तो रस्त्यावर अर्ध्या तासात ओळखता येतो.

बोलेरोचा टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातो, म्हणजे ८० च्या स्पीडला सेकंदाला १० फेरे. मागचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) ४ च्या आसपास धरला तर शाफ्ट त्याच वेळी ४० फेरे मारतो. म्हणून टायरचं किंवा ड्रमचं व्हायब्रेशन सावकाश, डुगडुगल्यासारखं लागतं आणि शाफ्टचं बारीक, सलग, फ्लोअर झिणझिणल्यासारखं लागतं. क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाच्या लवणाऱ्या जोडाचा) अँगल बिघडला असेल तर एका फेऱ्याला दोन झटके, म्हणजे आणखी बारीक. एवढं जरी मिस्त्रीने गाडीत बसून नीट ऐकलं तरी निम्मा निकाल तिथंच लागतो.

मोकळा सरळ रस्ता बघून एकाच स्पीडला आधी चौथ्या आणि मग पाचव्या गिअरला चालवून बघा, थरथर तशीच राहिली तर इंजिन-क्लचचा संबंध नाही. मग त्याच स्पीडला न्यूट्रल करा (इंजिन अजिबात बंद करायचं नाही, ब्रेक आणि स्टीअरिंग जड होतं). न्यूट्रलमध्येही तेवढीच थरथर असेल तर शाफ्टचा बॅलन्स, फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडायची चकती) किंवा चाकं, आणि रेस दिल्यावरच येत असेल तर क्रॉस, अँगल, शाफ्टला मधे आधार देणारं सेंटर बेअरिंग. पहिल्या-दुसऱ्या गिअरला लोडवर उठताना हादरते आणि पुढे गप्प होते, तर हाउसिंग पाट्यांना बांधणारे यू-बोल्ट आणि पाटे बघा, कारण रेस दिली की पिनियनचं तोंड वर उचलतं. रेस दिली की घुंई आवाज, सोडली की बंद किंवा उलट, असं असेल तर मात्र दातांची सेटिंग चुकलीय, तेव्हा खुशाल खोला.

आता काम करताना काय राहून जातं ते सांगतो. शाफ्ट काढायच्या आधी फ्लँजवर आणि स्लिपच्या (शाफ्ट पुढं-मागं सरकतो त्या दातेरी जोडाच्या) जागी खूण करायची असते, आणि ती करत नाहीत. स्लिपच्या स्प्लाइनमध्ये शाफ्ट एक दात जरी इकडंतिकडं बसला तर दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत राहत नाहीत, आणि मग कितीही बॅलन्सिंग करा, थरथर जात नाही. बऱ्याच शाफ्टवर बाण असतात, ते चिखल-ग्रीसखाली झाकलेले असतात, पुसून बघायला कुणाला वेळ नसतो. काही गाड्यांना पाटा आणि तो जिथं टेकतो त्या हाउसिंगच्या सीटमध्ये पाचरीसारखी तिरकी पट्टी असते, ती उलटी बसली की पिनियनचा अँगल पूर्ण बिघडतो. गिअरबॉक्सचा बाहेरचा शाफ्ट आणि पिनियन एकमेकांना समांतर पाहिजेत, फार तर १ अंशाचा फरक, आणि हे आता मोबाइलच्या अँगल ॲपवरही कामापुरतं मोजता येतं, गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर नाही. पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं सीटच्या होलात बसलंय का तेही बघा, नाहीतर हाउसिंगच सरकलेलं असतं. आणि पिनियनवर आवळताना चेपला जाणारा स्पेसर (छोटी नळी) असेल तर तो एकदाच वापरायचा, जुनाच टाकून नट मशीनने आवळला की बेअरिंग नीट आवळलं जात नाही आणि लवकर जातं. एवढं सगळं बरोबर निघालं तर फ्लँजचे चार बोल्ट काढून शाफ्ट अर्धा फेरा फिरवून लावून बघा, कधीकधी तेवढ्यानेही फरक पडतो, खर्च शून्य.

चालेल तेवढी चालवू असं म्हणून कुणी ही थरथर अंगावर काढू नये, क्रॉस तुटला आणि शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यात रुतलं तर गाडी उलटू शकते, आणि याच गाड्यांतून शाळेची पोरं जातात.

माझं म्हणणं एवढंच की आयटीआयच्या मेकॅनिक मोटर व्हेइकलच्या पोरांकडून खूण करणं आणि अँगल मोजणं हातात गाडी देऊन घोटून घ्या, आणि आपण गाड्यांच्या पानावर महिन्यातून एकदा तरी अशा दुरुस्तीला जागा द्या. गाडीमालकांनी काम टाकतानाच मिस्त्रीला विचारावं, शाफ्टवर खूण केली का, आणि डिलिव्हरी घेताना त्याला शेजारी बसवून ८० पर्यंत चक्कर मारून यावं.

आपला,
एक नियमित वाचक, कराड