फोन ठेवल्यानंतर

चि. राजू यास अनेक आशीर्वाद,

काल मी "तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला?" म्हणाले आणि तू फोन ठेवलास. ठेवलास ते बरंच केलंस. पुढे मी आणखी काय बोलून बसले असते, देव जाणे.

औषधाची मात्रा चुकली, पेशंट सावरला, कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तरी त्यांच्या मुलीला बाहेर बोलावून तू स्वतः सांगितलंस. बाबा ऐकून गप्पच. चष्मा पुसत बसले, ताईच्या वेळी बसले होते तसे. मला मात्र आधी तुझी नोकरीच दिसली. काढून तर टाकणार नाहीत ना?

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत तू माझी मूठ आवळून दाखवली होतीस. आई, तुझं हृदय एवढंच, 300 ग्रॅमच्या आतबाहेर, आणि दिवसाला लाखभर ठोके. ते मेंदूच्या हुकमाची वाट बघत नाही म्हणालास. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात बारीकसा पुंजका असतो, ठोका तिथूनच निघतो. मेंदू फक्त वेग कमीजास्त करतो. मी कपड्यांच्या घड्या घालत अर्धंच ऐकलं होतं. काल रात्री सगळं आठवलं.

पण बाळा, आधी वरिष्ठांच्या कानावर घालायचं, लेखी ठेवायचं, एकट्याने पुढे व्हायचं नाही... झालं, लागले शिकवायला. तुझ्या कामातलं मला काय कळतं? रागावू नकोस.

नानांचं घड्याळ फोडलंस तेव्हा आठ वर्षांचा होतास. कुणी पाहिलं नव्हतं. नाना येईपर्यंत दारात उभा राहिलास, तुटलेला काटा मुठीत घट्ट धरून. त्यांनी मूठ उघडली तर तळव्यावर काट्याचा वळ. "पोराचं काळीज मोठं आहे," एवढंच म्हणाले. मी तुला धपाटा घातला होता. काल तरी दुसरं काय केलं?

दोन रात्री झोपला नाहीस म्हणे. हृदयसुद्धा स्वतःपुरतं रक्त बहुतेक दोन ठोक्यांमधल्या विसाव्यातच घेतं, हेही तूच सांगितलं होतंस ना? मग झोप.

ती मुलगी तुला काय म्हणाली, हे मी विचारलंच नाही. फोन कर, तेवढंच सांग. नोकरीचं काही विचारणार नाही.

काही कळलं असेल तर मात्र सांग.

तुझी,
आई