मैदानावर लाइन उलगडायला शिकवणाऱ्या काकांना

ती. काकांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

रविवारी सकाळी मैदानावर तुमच्याकडे फ्लाय कास्टिंग, म्हणजे मासेमारीसाठी पिसांची कृत्रिम माशी फेकायची कला, शिकलेल्या आम्हा सगळ्यांचं हे पत्र आहे. ते उघडं लिहिण्याचं कारण साधं आहे. तुम्ही शेजारी उभं राहून जे दाखवता, ते ज्यांना मिळालेलं नाही त्यांच्याही हाती यातलं थोडं लागावं. आभार मानायचे तर नेमके कशाबद्दल, हे सांगितल्याशिवाय ते पुरे होत नाहीत.

सगळ्यात आधी लाइनबद्दल, म्हणजे फ्लाय नेणाऱ्या जाड दोरीबद्दल. नेहमीच्या गळाला शिसं असतं आणि ते दोरी ओढत नेतं. कोकणात पाग फेकतात तेव्हाही काठाचे शिशाचे मणीच जाळं पसरवतात. फ्लाय म्हणजे पिसं, लोकर आणि एक बारीक हूक. तिला फेकण्याइतकं वजनच नसतं. इथे वजन लाइनचं, आणि फ्लाय तिच्यामागून जाते. ही एक गोष्ट तुम्ही पहिल्याच दिवशी डोक्यात बसवलीत. म्हणून खरेदीचा तुमचा क्रमही दुकानदाराच्या उलटा आहे: कुठे आणि काय धरायचं ते आधी, मग लाइन, मग तिला साजेसा रॉड, आणि रीळ शेवटी. ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी रिळाचं काम मुख्यतः लाइन सांभाळण्याचं. वाचलेले पैसे लाइनवर घालावेत.

आकड्यांचा अर्थही तुम्हीच उलगडलात. रॉडवरचा 5 हा आकडा त्याची ताकद सांगत नाही, त्याला कोणत्या वजनाची लाइन चालेल ते सांगतो. लाइनच्या पुढच्या 30 फुटांचं वजन त्यासाठी धरतात. 5 नंबरला 140 ग्रेन, म्हणजे सुमारे 9 ग्रॅम. 8 नंबरला 210 ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. आजच्या कित्येक लाइनी छापलेल्या नंबरापेक्षा अर्ध्या किंवा एका नंबराने जड निघतात. त्यामुळे खोक्यावरचा नंबर पाहून थांबू नये, मागे छापलेलं ग्रेनमधलं वजन आणि हेडची, म्हणजे लाइनच्या पुढच्या जड भागाची, लांबी वाचावी. ही सवय तुम्ही लावलीत, आणि ‘रॉड बिघडलाय’ या कित्येक तक्रारी तिथेच मिटल्या.

तीर्थनसारख्या हिमाचली नदीवर ब्राउन ट्राउट धरणाऱ्यांसाठी तुम्ही मातीत काडीने मांडलेला हिशेब तर सगळ्यांनी वहीत उतरवून घेतला. मासा सात मीटरवर आहे. त्यातले पावणेतीन मीटर लीडर, म्हणजे लाइनच्या पुढे जोडलेला बारीक दोरा, खातो; पुढे झुकलेला रॉड दीड-दोन मीटर भरून काढतो. टोकाबाहेर खरी लाइन उरते जेमतेम अडीच-तीन मीटर, आणि तीसुद्धा पुढची निमुळती, हलकी. एवढ्याशा वजनाने ताठ, वेगवान रॉड वाकतच नाही. हातात काठी धरल्यासारखं वाटतं, माणूस जोर लावतो आणि लूप, म्हणजे हवेत उलगडणारा लाइनचा वळसा, फुटतो. अशा पाण्यावर साडेसात-आठ फुटी, मधल्या भागापर्यंत वाकणारा 3 किंवा 4 नंबरचा रॉड घ्यावा. 9 फुटी 5 नंबर आधीच घेतला असेल तर त्याला एक नंबर जड, पुढचा निमुळता भाग आखूड असलेली लाइन लावावी आणि लीडर साडेसात फुटांवर आणावा. रॉड बदलण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. मोकळ्या पाण्यात बारा-पंधरा मीटर जायचं असेल तर मात्र तीच जड लाइन रॉडला दमवते, हेही तुम्ही लगेच जोडलं होतंत.

उन्हाबद्दलचा तुमचा इशारा आपल्याकडच्या लोकांना फार उपयोगाचा आहे. थंड पाण्यासाठी बनवलेली लाइन महाराष्ट्रातल्या एप्रिलच्या उन्हात मऊ पडते, रॉडच्या कड्यांना चिकटते आणि सुटत नाही. महसीर माशासाठी घेतलेली, उष्ण हवामानाची, कडक गाभ्याची लाइन हिमालयातल्या थंड पाण्यात स्प्रिंगसारखी वेटोळी घेते. एका लाइनीवर दोन्हीकडे भागवायला जाऊ नये. सरावासाठी जुनी लाइन ठेवावी, आणि तीही गवतावरच. सिमेंटवर वरचा थर खरवडतो. डास पळवणाऱ्या औषधातलं डीट लाइनचं आवरण खातं, म्हणून ते लावलेल्या बोटांनी लाइन धरू नये. मळली की कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं. बस्स.

आता कास्टिंग. बिल आणि जे गॅमेल या पितापुत्रांनी मांडलेली पाच तत्त्वं तुम्ही शिकवता: लाइनमध्ये ढील नको, लाइन जितकी लांब तितका हाताचा पल्ला मोठा, प्रत्येक पल्ल्यानंतर लाइनच्या लांबीइतकी वाट पाहणं, जोर हळू सुरू करून वाढवत नेणं, आणि रॉडचं टोक सरळ रेषेत जाणं. पाठ करायला दोन मिनिटं लागतात. पण समोरच्याच्या हाताकडे बघून यातलं नेमकं कुठलं मोडलंय हे सांगणं, आणि एका वेळी एकच चूक काढणं, यासाठी तुमचे विशेष आभार. एकदम चार चुका सांगितल्या की शिकणाऱ्याचा हातच आखडतो.

थांबणं तुमच्यामुळे कळलं. आंब्याच्या डहाळीने पाणी शिंपडताना हात थांबतो तेव्हाच थेंब सुटतात, हे उदाहरण तुम्ही दिलंत आणि पुढे काही समजवावं लागलं नाही. वाकलेला रॉड थांबला की सरळ होतो आणि लाइन त्याच्या पुढे निघते. थांबा ढिला पडला, तर लूप दारासारखा रुंद उघडतो आणि वाऱ्यात लोळतो. मागे थांबताना रॉड फार कलतो तो मनगटामुळे. त्यावरचा तुमचा उपाय सोपा आहे: रॉडच्या मुठीचं मागचं टोक शर्टाच्या लांब बाहीत खोचायचं, म्हणजे मनगट मोडलं की बाही लगेच ताणते.

रॉड घड्याळातल्या दहा आणि एकच्या जागांमध्येच फिरवायचा, हा ‘दहा ते एक’चा नियम तुम्ही पहिल्या आठवड्यानंतर सोडायला लावता, आणि कारणही सांगता. आखूड लाइनने रॉड कमी वाकतो, म्हणून कोन लहान पुरतो. लांब लाइनने तो जास्त वाकतो, तेव्हा तेवढ्याच कोनात टोक मध्येच खाली दबतं. मग लाइनचा वरचा पाय खालच्याला ओलांडतो आणि टिपेटला, म्हणजे लीडरच्या शेवटच्या बारीक तुकड्याला, गाठ पडते. लोक तिला वाऱ्याची गाठ म्हणतात, पण वारा बिचारा निर्दोष असतो. पल्ल्याच्या सुरुवातीलाच झटका दिला, किंवा मागे थांबल्यावर हात नकळत पुढे सरकला आणि पल्ला आखूड झाला, की हीच गाठ. ती दिसली की टिपेट बदलायचं, कारण गाठीपाशी त्याची ताकद बरीच उतरते.

मागे वळून बघायची लाज वाटते, ती तुम्ही घालवलीत. कास्टिंगच्या हाताकडचा पाय मागे, छाती थोडी उघडी, आणि नजर मागच्या लूपवर. लाइन पुरती सरळ व्हायच्या आत पुढे निघालं की चाबकासारखा फटका ऐकू येतो आणि फ्लाय तुटून जाते; फार रेंगाळलं की लाइन गवतात बसते. हा विराम मोजून येत नाही, बघूनच येतो.

तुमचा आडव्या कास्टिंगचा सराव नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाने करावा. गवतावर दोन सुतळ्या एक मीटर अंतराने समांतर टाकायच्या. टोकाबाहेर आठ-नऊ मीटर लाइन, लीडरच्या शेवटी हुकाऐवजी लोकरीचा रंगीत तुकडा. रॉड कमरेच्या उंचीवर जमिनीला समांतर धरून लाइन दोन्ही बाजूंना सुतळ्यांच्या मधोमध पडेल असं फेकायचं आणि प्रत्येक वेळी खाली पडू द्यायचं. लूपचा आकार डोळ्यांसमोर राहतो, चूक कोणाला विचारावी लागत नाही. आठवड्यातून चार दिवस पंधरा-वीस मिनिटं, रविवारच्या तीन तासांपेक्षा जास्त फळ देतात. आणि लोकर बांधलेली असली तरी डोळ्यांवर चष्मा हवाच, यावर तुम्ही कधी तडजोड केली नाहीत.

डबल हॉल, म्हणजे मागच्या-पुढच्या दोन्ही पल्ल्यांत दुसऱ्या हाताने लाइन ओढणं, शिकवायची घाई न केल्याबद्दलही धन्यवाद. एका हाताने लूप अरुंद राहू लागल्यावरच तुम्ही दुसऱ्या हातात लाइन देता. तीसुद्धा आधी फूटभर ओढायची, रॉड फिरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, आणि लूप उलगडत असताना हात परत रिळाकडे न्यायचा. परत नेला नाही तर ढील साठते आणि पुढचा पल्ला वाया जातो.

छोट्या गोष्टी राहिल्या. रॉडचे तुकडे जोडताना थोडे तिरके धरून दाबत सरळ फिरवायचे, आणि तासाभराने सांधे चाचपायचे. सैल सांध्याने रॉड तडकतात. मासा पायाशी आल्यावर रॉड उभा करायचा नाही. टिपेटची जाडी ठरवायला हुकाच्या नंबराला तीनाने भागायचं: 14 नंबरच्या हुकाला 4एक्स किंवा 5एक्स जाडीचं. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट बंद, आणि एरवी मत्स्य विभागाचा परवाना खिशात हवा.

मैदानातल्या सुतळ्या आणि लोकरीची डबी आता आमच्याकडे आहे. पावसाळ्यानंतर नवी मंडळी येतील तेव्हा त्या आम्ही आधीच अंथरून ठेवू. तुम्ही फक्त या आणि खुर्चीत बसून बघा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
रविवारच्या मैदानावरचे सगळे