पाचवा अंक

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या 'शाकुंतल'चा प्रयोग संपल्यावर तुला न भेटता मी तडक स्वारगेट गाठलं. शेवटची सांगली गाडी चुकली असती, असं तुझ्या आईला सांगितलं. तिला पटलं नाही, तुलाही पटणार नाही. दुसऱ्या दिवशी फोनवर मी जे बोललो (कालिदासाची चिरफाड वगैरे), ते ओरडून बोलायला नको होतं. त्यावर तू म्हणालीस, "बाबा, तुमचं शाकुंतल चौथ्या अंकाला संपतं." ते लागलं. तेव्हापासून तेच डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसलो. दुसरा विषय या पत्रात काढणार नाही, असं आईला कबूल केलं आहे.

चौतीस वर्षं शिकवलं गं मी ते नाटक. 'तत्रापि च चतुर्थोऽङ्कः', म्हणजे त्यातही चौथा अंक, हे फळ्यावर लिहून सुरुवात. 'यास्यत्यद्य शकुन्तलेति', आज शकुंतला सासरी जाणार, या कण्वाच्या श्लोकाला आवाज कुठे जड करायचा हे मला इतकं ठाऊक होतं की पुढच्या बाकावरच्या मुली आधीच रुमाल काढून बसत. तू झालीस त्या वर्षी मात्र तो श्लोक वर्गात पुरा म्हणता आला नाही, घसा धरल्याचं निमित्त करून तास सोडला. आणि राजा तिला ओळखत नाही तो पाचवा अंक? तो मी दरवर्षी 'घरी वाचून या' म्हणून उरकला. परीक्षेत त्यावर फार येत नाही, असं मुलांना सांगायचो.

तुमचा प्रयोग पाहून आल्यावर महाभारतातलं आदिपर्व काढलं. तुझं बरोबर आहे. तिथे शाप नाही, अंगठी नाही, मासा नाही. राजाला सगळं आठवतं आणि तो भर सभेत 'मी ओळखत नाही' म्हणतो. ती रडत नाही. मुलाला शेजारी उभं करून सुनावते: दुसऱ्याचे मोहरीएवढे दोष दिसतात, स्वतःचे बेलफळाएवढे दिसूनही दिसत नाहीत. आकाशवाणी झाल्यावर राजा म्हणतो, मला माहीतच होतं, पण लोकांनी संशय घेतला असता. हे वाचून हसावं की पुस्तक मिटावं, कळेना. दुर्वासाचा शाप मध्ये आणून कालिदासाने राजाची अब्रू झाकली, हे तुझं म्हणणं मी वर्गात कुणाला बोलू दिलं नसतं.

पण कालिदासाला अगदीच झोडपू नकोस. ज्या मुलीला त्याने चार अंक झाडांना पाणी घालायला लावलं, तिच्याच तोंडी त्याने राजाला 'अनार्य' म्हणवलं आहे. तेही प्राकृतात, 'अणज्ज', म्हणजे घरच्या बोलीत. आणि त्याआधीची ती जागा. ती 'आर्यपुत्र' म्हणायला जाते, अर्ध्यावर थांबते, म्हणते लग्नच जिथे संशयात आहे तिथे ही हाक शोभत नाही, आणि 'पौरव' म्हणते, पुरुकुळातला राजा एवढंच. मी हे वर्षानुवर्षं वाचलं, पण ऐकलं तुझ्याकडून. तू 'आर्य' म्हटलंस आणि ओठ मिटलेस. मागे कुणाच्या तरी पिशवीतलं प्लास्टिक वाजलं, तेही ऐकू आलं. मग अगदी सपाट आवाजात 'पौरव'. माझ्या अंगावर काटा आला. शेजारच्या गृहस्थांना सांगणार होतो की ही माझी मुलगी, पण आवरलं.

१८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, १९०५ साली आपल्या मिरजेत बालगंधर्व शकुंतला होऊन पहिल्यांदा उभे राहिले. तुझे पणजोबा ते आयुष्यभर सांगत. पण मनात येतं, बाईने कसं लाजावं, कसं रडावं, हे आपल्याकडच्या बायकांना कितीतरी वर्षं पुरुषांनीच शिकवलं. तू अंगठीसाठी रिकामं बोट चाचपलं नाहीस. दोन्ही हात समोर उघडे धरून उभी राहिलीस. पुराव्याला माझ्याकडे मीच आहे, असं ते होतं ना?

रंगमंचावर ते शोभतं. बाहेर हात उघडे दाखवून भागत नाही, मनू.

आलोच शेवटी तिथे. मित्राच्या गच्चीवर हार घातलेत, मला मान्य आहे. तो मुलगा चांगला आहे, माझ्या गुडघ्याची चौकशी तुझ्याहून जास्त करतो. पण त्याला हाक मारायची तर 'जावईबापू' म्हणायला तोंड उघडतो आणि शकुंतलेसारखा अर्ध्यावर थांबतो. महाभारतातल्या शकुंतलेनेही आधी अट घातली होती, माझाच मुलगा गादीवर बसेल. राजा हो म्हणाला होता. ऐकायला कोण होतं? विशेष विवाह कायदा १९५४ पासून आहे. नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, तीन साक्षीदारांच्या सह्या, संपलं. 'कागदाने काय होतं' हे वाक्य ज्यांना कागदाची गरज पडलेली नसते तेच बोलतात.

माफ कर. पुन्हा व्याख्यान झालं.

मी तुला न भेटता का निघून गेलो ते सांगतो. कालिदासासाठी नाही. तिला पोचवायला आलेला कण्वाचा शिष्य शार्ङ्गरव तिला दरबारात टाकून निघतो आणि म्हणतो, तू शुद्ध असशील तर पतीच्या घरचं दास्यसुद्धा तुला योग्य आहे. 'पतिकुले तव दास्यमपि क्षमम्.' हा श्लोक मी आत्याला ऐकवला आहे, अर्थासकट. १९७८ साली, तिच्या सासरच्या अंगणात. बी.ए.ला पहिला आलो होतो ना. तिला परत पोचवायला अण्णांनी मला पाठवलं होतं. मी निघालो तर ती चपला न घालता स्टँडपर्यंत मागे मागे आली. मी गाडीत खिडकीशी बसलो, पण बाहेर पाहिलं नाही. सात महिन्यांनी ती एकटी परत आली. त्या महिन्यांबद्दल ती अजून बोललेली नाही. पुढे पोटगीच्या दाव्यात लग्नाचा पुरावा मागितला. भटजी वारलेले, पत्रिका सापडेना, आणि एकुलत्या एका फोटोत मुंडावळ्यांमुळे नवरी कोण तेच ओळखू येत नव्हतं.

नाटकात शकुंतला रडत त्यांच्या मागे निघते. तुझी निघाली नाही. शार्ङ्गरव वळून पाहतो, तर ही जागची हललेलीच नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीत आत्या होती. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि प्रयोग संपेपर्यंत काढला नाही. परतीच्या गाडीत कराड गेल्यावर म्हणाली, "पोरीनं बरं केलं, मागं गेली नाही." मग झोपली. मी जागाच.

सातवा अंक तुम्ही छाटलात ते मला अजून पटलेलं नाही. राजा तिच्या पाया पडतो, ते लोकांना दिसायला हवं होतं. भेटल्यावर भांडू.

खोकला राहिला का? तालमीनंतर गार पाणी पिऊ नकोस. आईने मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी दिली आहे, बरण्या परत आण.

साक्षीदारांपैकी दोघं आम्ही येतो, तू म्हणशील तेव्हा. तिसरी मी येते, असं आत्याने न विचारता सांगितलं. तिच्या आधार कार्डावर माहेरचंच नाव आहे. ते चालतं का, तेवढं विचारून ठेव.

बाबा