मिस्त्रीमामा, तुमच्या लांब दगडांबद्दल

आदरणीय मिस्त्रीमामा,

सप्रेम नमस्कार.

शाळेच्या कुंपणाच्या कामावर तुमच्याभोवती लेकरं घोळका करायची. त्यांना हाकलायचं सोडून तुम्ही तुराट्या गोळा करायला पिटाळलंत आणि आमचं शनिवारचं बांधकाम सुरू झालं. त्याचे आभार मानायचे राहून गेले. समोर बोलायला लागलं की तुम्ही ‘ऱ्हाऊ द्या हो बाई’ म्हणून उठून जाता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते.

तुराट्या सुतळीनं बांधून पोरांनी पहिली चौकट केली. कोपऱ्यातून ढकलली की ती एका अंगाला लोळायची. तुम्ही फक्त एक तुराटी तिरपी लावायला सांगितलीत. चौकोन दाबला की कोपरे फिरतात, त्रिकोणाच्या तिन्ही बाजू पक्क्या असल्या की त्याला फिरायला जागाच नसते. हे मी फळ्यावर कितीही रंगवून सांगितलं असतं तरी एवढं उतरलं नसतं. मग तिसरीच्या पोरींनी राखणीचा माळा केला, चारी अंगांना तिरप्या बांधून, आणि वर विटा ठेवून दाखवल्या. काटकोनासाठी तुम्ही दोरीला सारख्या अंतरावर खुणा करून तीन-चार-पाच ताणलंत, तेव्हा मी पायथागोरस सांगायला तोंड उघडलं होतं. तुम्ही हातानंच थांबवलंत, ते बरं केलंत.

पण खरे आभार भिंतीचे. आपल्या औसा तालुक्यात 30 सप्टेंबर 1993 ची पहाट कुणाला सांगावी लागत नाही. लेकरांना मात्र किल्लारीचा भूकंप म्हणजे आजी-आजोबांच्या तोंडची गोष्ट. तुम्ही जुन्या फळीखाली पाइपाचे तुकडे घातलेत, फळीवर वीतभर भिंत रचायला लावलीत: बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे कपच्या आणि चिखल. जुन्या घरांची असायची तशीच. दोरीनं फळी मागंपुढं हलवली तसे दोन्ही थर एकमेकांपासून सुटले, फुगले आणि कपच्या खाली आल्या. दुसऱ्या भिंतीत तुम्ही मधूनमधून आरपार जाणारे लांब दगड घालायला लावलेत. ती हलली, वरचे दोन-चार दगड पडले, पण थर सुटले नाहीत. तुमच्या उमेदवारीच्या दिवसांत भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या भिंतींना आरपार भोकं पाडून, आकड्याची सळी घालून काँक्रीट भरत होता, हे तुम्ही सहज बोलून गेलात. माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, ओझं डोक्यावर आणि खाली अशी सुटी भिंत, मग माणसं का दबली, हे पोरांनी पुढं विचारलंच नाही. त्यांना ते दिसलं होतं.

चौथीतला एकजण घरी जाऊन आजोबांच्या वाड्याच्या पडक्या भिंतीत लांब दगड शोधत बसला होता. त्याची आई तक्रार घेऊन आली, कपडे मळले म्हणून. (कपड्यांची तक्रार मी हल्ली हसून घेते.)

दगड उचलण्याआधी काठीनं उलटायचा, खाली विंचू असतो. भिंत गुडघ्याच्या वर न्यायची नाही. जड दगड दोघांनी धरायचा. तुमचे हे नियम पोरांनी वर्गाच्या दारावर लिहिलेत. माझे नियम तिथं एकदाही लिहिले गेले नव्हते. आणि विज्ञान प्रदर्शनाला पालकांनी रात्री जागून केलेली थर्माकोलची धरणं नेण्यापेक्षा यंदा आम्ही ती हलती फळीच नेणार आहोत, मग नंबर येवो न येवो.

आता पोरांना कमान हवी आहे. मातीचा ढीग घालून त्यावर दगड रचायचे आणि मग खालची माती काढायची, असं तुम्ही सांगून ठेवलंय. ती उभी राहील यावर निम्म्या वर्गाचा विश्वास नाही. तुम्ही आल्याबिगर माती उकरायची नाही, असं त्यांचं ठरलंय. दिवाळीनंतरचा एखादा शनिवार आमच्यासाठी काढा.

आपली,
चौथीच्या बाई